छातीत पाणी होणे: कारणे, तपासण्या आणि उपचार

एक्स-रेचा रिपोर्ट हातात पडतो, त्यावर ‘उजव्या बाजूला प्लुरल इफ्यूजन’ असे लिहिलेले असते. कोणीतरी सांगते, म्हणजे फुप्फुसात पाणी झाले आहे. त्यानंतर नातेवाईक आमच्याकडे येतात ते बहुतेक वेळा एकच मागणी घेऊन: “डॉक्टर, तेवढं पाणी काढून टाका, म्हणजे मोकळं होईल.”

पाणी काढणे हा उपचाराचा एक भाग असू शकतो. पण छातीतले पाणी हा स्वतंत्र आजार नाही. ते दुसऱ्या कुठल्या तरी आजाराचे लक्षण आहे, जसा ताप असतो तसे. टीबी, हृदयविकार, न्यूमोनिया, कॅन्सर, लिव्हरचा आजार अशा एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या कारणांनी ते साठते, आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा असतो. म्हणून ‘किती पाणी आहे’ यापेक्षा ‘कशामुळे आहे’ हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. या लेखाचा बराचसा भाग त्याच प्रश्नावर आहे.

पाणी नेमके कुठे साठते?

बोलताना आपण ‘फुप्फुसात पाणी’ म्हणतो, पण यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली म्हणजे फुप्फुसाच्या आत, हवेच्या छोट्या पिशव्यांमध्ये पाणी भरणे. याला पल्मनरी एडिमा म्हणतात. हृदय अचानक कमजोर पडले की असे होते आणि त्यात काही तासांत जिवावर बेतू शकते. हे पाणी सुईने काढता येत नाही, औषधांनी लघवीवाटे काढावे लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे फुप्फुसाच्या बाहेर, फुप्फुस आणि बरगड्यांच्या मधल्या जागेत पाणी साठणे. हेच प्लुरल इफ्यूजन, आणि या लेखाचा विषय तोच आहे. फुप्फुसावर एक पातळ आवरण असते आणि छातीच्या भिंतीला आतून तसेच दुसरे आवरण असते. श्वास घेताना ही दोन्ही आवरणे एकमेकांवर सहज सरकावीत म्हणून त्यांच्यामध्ये नेहमीच थोडा ओलावा असतो, साधारण दोन-तीन चमचे. हे पाणी सतत तयार होते आणि सतत शोषलेही जाते. तयार होण्याचा वेग वाढला किंवा शोषले जाणे कमी झाले, की ते साठू लागते. कधी पाव लिटर, कधी दोन-तीन लिटरसुद्धा. बाहेरून दाब आल्याने फुप्फुस आक्रसते आणि दम लागतो.

पाणी साठण्याच्या मुख्य दोन तऱ्हा आहेत. गच्चीवरच्या टाकीची कल्पना करा. टाकी कधी भरून वाहते, कधी टाकीलाच तडा जातो. खाली ओल दोन्ही वेळेस दिसते. हृदय, किडनी किंवा लिव्हरच्या आजारात रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो किंवा रक्तातले प्रोटीन कमी होते आणि पाणी पाझरते. आवरण स्वतः निरोगी असते. ही झाली भरून वाहणारी टाकी. टीबी, न्यूमोनिया, कॅन्सरमध्ये आवरणालाच सूज येते किंवा त्यावर गाठी होतात, आणि त्यातून प्रोटीनयुक्त पाणी गळते. ही तडा गेलेली टाकी. पहिल्या प्रकाराला ट्रान्स्युडेट आणि दुसऱ्याला एक्स्युडेट म्हणतात. तुमच्या रिपोर्टवर यातला एक शब्द असेल, आणि पुढचा सगळा तपास त्यावर ठरतो.

लक्षणे, आणि एक फसवी गोष्ट

दम लागणे, कोरडा खोकला, छातीच्या एका बाजूला जडपणा ही नेहमीची लक्षणे. पाणी हळूहळू साठले असेल तर लिटरभर पाणी असूनही माणूस कामावर जात राहतो. झपाट्याने साठले तर थोड्या पाण्यानेही धाप लागते. पुष्कळ रुग्ण सांगतात की पाणी असलेल्या कुशीवर झोपले की बरे वाटते. याचे कारण असे की निरोगी बाजू वर राहते आणि मोकळेपणी काम करते.

छातीत दुखण्याबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे. आवरणाला सूज आली की सुरुवातीला दोन्ही आवरणे एकमेकांवर घासतात. खोल श्वास घेतला, खोकला आला, शिंक आली की बरगडीत चमक निघते. मग मध्ये पाणी साठू लागते, आवरणे एकमेकांपासून दूर जातात आणि दुखणे कमी होते. रुग्णाला वाटते बरे वाटले. प्रत्यक्षात आजार वाढलेला असतो.

मी स्वतः यात फसलो आहे. साधारण चोवीस वर्षांचा एक मुलगा उजव्या बरगडीत दुखते म्हणून आला. नुकतीच जिम सुरू केली होती. मी स्नायू दुखावला असेल म्हणून पाच दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या दिल्या. दुखणे थांबले, तो आलाच नाही. तीन आठवड्यांनी आला तेव्हा दोन जिने चढून धाप लागत होती आणि एक्स-रेमध्ये उजवी बाजू निम्म्याहून जास्त पांढरी होती. टीबी निघाला. पहिल्या दिवशी “संध्याकाळी अंग गरम लागतं का, वजन कमी झालंय का” एवढे दोन प्रश्न विचारले असते तर उत्तर तेव्हाच मिळाले असते. तेव्हापासून श्वासाबरोबर दुखणारी बरगडी असेल तर मी एक्स-रे काढायला सांगतो. तुमचे असे दुखणे आपोआप थांबले आणि त्या जागी दम लागू लागला, तर ते बरे झाल्याचे समजू नका.

पुढील गोष्टी असतील तर सकाळची वाट न पाहता थेट हॉस्पिटलमध्ये जावे: एक वाक्य सलग बोलता न येणे, ओठ किंवा नखे निळसर दिसणे, ऑक्सिजन ९२ च्या खाली जाणे, थंडी वाजून खूप ताप आणि त्यात गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, अपघातानंतर छातीत दुखून दम लागणे. एका पायाला सूज आणि अचानक दम हेसुद्धा, कारण पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्यास असे होते.

कारणे

*टीबी.* आपल्याकडे तरुण माणसाच्या छातीत एका बाजूला पाणी दिसले की पहिला संशय टीबीचाच घ्यावा लागतो. फुप्फुसातले टीबीचे जंतू आवरणापर्यंत पोहोचतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर जोरात प्रतिक्रिया देते. पाणी बहुतांशी या प्रतिक्रियेचे असते, त्यात जंतू फार थोडे असतात. हे लक्षात ठेवा, कारण पुढे रिपोर्ट वाचताना याचा उपयोग होतो. संध्याकाळचा ताप, रात्री घाम, भूक मंदावणे, वजन उतरणे ही लक्षणे जोडीला असतात, पण सगळी असतीलच असे नाही.

*हृदयाची कमजोरी.* उतारवयात हे नेहमीचे कारण. पाणी सहसा दोन्ही बाजूंना असते. एकाच बाजूला असेल तर बहुधा उजवीकडे. पायांवर सूज, आडवे झाल्यावर दम, उशा वाढवून झोपावे लागणे, अशी साथ असते.

*न्यूमोनिया आणि पू.* न्यूमोनियाच्या शेजारी थोडे पाणी साठणे वारंवार दिसते आणि न्यूमोनिया बरा झाला की ते जाते. पण त्या पाण्यात जंतू शिरले तर पू होतो. याला एम्पायमा म्हणतात. लहान मुले, मधुमेही आणि दारूचे व्यसन असलेले लोक यांना याचा धोका जास्त. ॲंटिबायोटिक चालू असूनही चार-पाच दिवसांत ताप उतरला नाही तर पुन्हा एक्स-रे किंवा सोनोग्राफी करायलाच हवी. पू औषधाने वाळत नाही, तो बाहेर काढावा लागतो.

*कॅन्सर.* फुप्फुस, स्तन आणि अंडाशयाचा कॅन्सर, तसेच लिम्फोमा यांत छातीत पाणी होते. पाणी बऱ्याचदा लालसर असते, पण नसूही शकते. काढल्यावर ते काही दिवसांत पुन्हा भरते, हा संशय वाढवणारा भाग.

*लिव्हर आणि किडनी.* सिरॉसिसमध्ये पोटातले पाणी पडद्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून वर छातीत येते, जवळजवळ नेहमी उजव्या बाजूला. किडनीतून प्रोटीन वाहून जात असेल किंवा डायलिसिसवर असलेल्या रुग्णात पाणी जास्त झाले असेल, तरी छातीत पाणी होते.

*डेंग्यू.* पावसाळ्यात आणि नंतर बऱ्याच घरांत घबराट करणारी गोष्ट. ताप उतरताना रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते आणि छातीत-पोटात थोडे साठते. झिरपणे एक-दोन दिवस चालते, नंतर पाणी आपोआप शोषले जाते. हे पाणी सुईने काढायचे नसते. प्लेटलेट कमी असताना सुई टोचल्याने रक्तस्रावाचा धोका असतो.

याशिवाय स्वादुपिंडाला सूज (पाणी सहसा डावीकडे), संधिवात आणि ल्युपससारखे आजार, बायपास शस्त्रक्रियेनंतरचे काही आठवडे, फुप्फुसातली रक्ताची गुठळी, लिव्हरमधला अमिबाचा फोड छातीत फुटणे, छातीला मार लागून रक्त साठणे. यादी आणखी लांबवता येईल, पण वर सविस्तर दिलेली कारणे कळली तर बहुतेक कुटुंबांचे काम भागते.

तपासण्या

डॉक्टर पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकून बघतात, ते उगाच नाही. हवा असलेल्या फुप्फुसावर पोकळ आवाज येतो, पाण्यावर दगडासारखा बद्द. ही पद्धत लेओपोल्ड ऑएनब्रुगर या ऑस्ट्रियातल्या डॉक्टरने १७६१ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. त्याचे वडील खाणावळ चालवत. पिंपात दारू कुठवर आहे ते ठोकून पाहण्यावरून त्याला हे सुचले असे सांगतात. आजही एक्स-रेची सोय नसलेल्या ठिकाणी हे ठोकणे पुष्कळ काही सांगून जाते.

उभ्याने काढलेल्या साध्या एक्स-रेमध्ये पाणी दिसायला साधारण २०० मिली तरी असावे लागते. त्याहून कमी पाणी सोनोग्राफीत दिसते. पाण्यात जाळ्या किंवा कप्पे झाले आहेत का, हेही सोनोग्राफीत कळते आणि सुई कुठे घालायची ती जागाही ठरते. सीटी स्कॅन प्रत्येकाला लागत नाही. कॅन्सरचा संशय, पू, किंवा निदान अडले असेल तर तो करतात.

खरी माहिती मिळते ती पाण्याच्या तपासणीतून. दोन्ही बाजूंना पाणी आणि हृदयविकार स्पष्ट असेल तर सुई न घालता आधी औषध देऊन पाहणे योग्य ठरते. डेंग्यूचे वर सांगितलेच. एरवी, विशेषतः एका बाजूला पाणी असेल तर, ते तपासल्याशिवाय उपचार सुरू करू नयेत.

पाणी काढताना काय करतात?

या प्रक्रियेची भीती आजारापेक्षा मोठी असते. रुग्णाला बसवून, पुढे टेबलावर उशी ठेवून त्यावर हात टेकायला सांगतात. पाठीवर सोनोग्राफीने जागा खूण करतात. ती जागा स्वच्छ करून भुलीचे इंजेक्शन देतात. दुखते ते एवढेच, मुंगी चावल्यासारखे आणि मग थोडी जळजळ. नंतर दोन बरगड्यांच्या मध्ये, खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून सुई घालतात, कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने रक्तवाहिनी आणि नस जाते. पंधरा-वीस मिनिटांत काम होते. त्या वेळी खोकू नका, हलू नका. खोकला येणार असे वाटले तर आधी सांगा.

“सुई फुप्फुसाला लागली तर?” असे विचारतात. क्वचित लागते, हवा शिरते आणि कधी नळी टाकावी लागते. सोनोग्राफीने जागा ठरवली तर हा धोका बराच कमी होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. एका वेळी साधारण एक ते दीड लिटरपेक्षा जास्त पाणी काढत नाहीत. बरेच दिवस दबलेले फुप्फुस एकदम फुगले तर त्याच्या आत पाणी भरू शकते. त्यामुळे ‘अर्धेच पाणी काढले’ म्हणून डॉक्टरांवर नाराज होऊ नका. पाणी निघताना शेवटी खोकला येतो, तो फुप्फुस उघडत असल्याचा. छाती आवळल्यासारखी वाटली तर मात्र लगेच सांगा, काम थांबवतात.

आणखी एक समज सर्रास ऐकू येतो: “एकदा पाणी काढलं की सवय लागते, परत परत काढावं लागतं.” सुईमुळे पाणी पुन्हा साठत नाही. मूळ आजार तसाच राहिला, म्हणून साठते.

पाण्याचा रिपोर्ट कसा वाचावा?

पाणी फिकट पिवळे असेल तर टीबी, हृदय, लिव्हर काहीही असू शकते, रंगावरून निदान होत नाही. गढूळ आणि दुर्गंधी असलेले म्हणजे पू. दुधासारखे पांढरे म्हणजे बहुधा लसिकावाहिनी फुटली आहे. चॉकलेटी रंगाचे असेल तर लिव्हरमधला अमिबाचा फोड.

पाण्यातले प्रोटीन आणि एलडीएच, आणि त्याच दिवशी रक्तातले प्रोटीन आणि एलडीएच, यांची तुलना करतात. पाण्यातले प्रोटीन रक्ताच्या निम्म्याहून जास्त, किंवा एलडीएच रक्ताच्या ०.६ पटीहून जास्त, किंवा पाण्यातले एलडीएच रक्तातल्या नॉर्मल मर्यादेच्या दोन तृतीयांशाहून जास्त, यातले एक जरी असले तरी एक्स्युडेट. रिचर्ड लाइट या अमेरिकन डॉक्टरांनी १९७२ मध्ये मांडलेले हे निकष आजही वापरात आहेत. यासाठी पाण्याबरोबर रक्ताचा नमुनाही द्यावा लागतो. तो दिला नसेल तर तुलना कशाशी करणार? लघवीच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर हृदयाचे पाणीही या निकषांत चुकून एक्स्युडेटमध्ये मोडते, हे डॉक्टर ध्यानात घेतात.

टीबीसाठी एडीए नावाची तपासणी महत्त्वाची. एडीए ४० च्या वर आणि पाण्यात लिम्फोसाइट पेशी जास्त असतील, रुग्ण तरुण असेल, तर टीबी असण्याची शक्यता खूप मोठी. मात्र पू, लिम्फोमा आणि संधिवातातही एडीए वाढते. त्यामुळे नुसता आकडा बघून निदान होत नाही.

आता मघाशी सांगितलेली गोष्ट. टीबीच्या पाण्यात जंतू मुळातच कमी असतात, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली ते क्वचितच दिसतात, आणि सीबीनॅट तपासणीही पाण्यात बऱ्याचदा निगेटिव्ह येते. “रिपोर्टमध्ये टीबी नाही आला” म्हणून टीबी नाही, असे म्हणता येत नाही. तरीही सीबीनॅट करावी, कारण ती पॉझिटिव्ह आली तर निदान पक्के होते आणि औषधाला दाद न देणारा टीबी आहे का तेही कळते. सोबत थुंकीही तपासावी.

कॅन्सरच्या पेशींसाठी पाण्याची सायटॉलॉजी करतात. कॅन्सर असूनही पहिल्या वेळी ती दहापैकी साधारण सहा जणांतच पॉझिटिव्ह येते. संशय दाट असेल तर पुन्हा पाणी पाठवणे किंवा दुर्बिणीतून आवरणाचा तुकडा काढून तपासणे, हा पुढचा टप्पा.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. साठीच्या माणसाला लालसर पाणी झालेले असते, पाणी काढून फेकून दिले जाते किंवा अर्धवट तपासले जाते आणि ‘टीबीच्या गोळ्या सुरू करून बघू’ असे ठरते. तीन महिन्यांनी पाणी वाढलेले, वजन दहा किलोने उतरलेले, आणि तेव्हा कॅन्सर कळतो. असे रुग्ण माझ्याकडे आलेले आहेत. उलटही होते: टीबी असताना महिनाभर वेगवेगळी ॲंटिबायोटिक दिली जातात. म्हणून पाणी काढल्यावर एवढे विचारा: हे कुठे कुठे तपासायला पाठवले, आणि रिपोर्ट कधी मिळतील? हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

उपचार

टीबीसाठी साध्या, औषधाला दाद देणाऱ्या आजारात सहा महिन्यांचा कोर्स असतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. वजनानुसार गोळ्यांची संख्या ठरते, रोज उपाशीपोटी घ्यायच्या. सरकारी केंद्रात औषधे मोफत मिळतात. खासगी डॉक्टरलाही टीबीच्या रुग्णाची नोंद सरकारकडे करावी लागते. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी पैसे बँक खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम महिना १००० रुपये आहे. प्रत्येक टीबी रुग्णाची साखर आणि एचआयव्हीची तपासणी करतात. त्यात चारित्र्याची शंका नसते, सगळ्यांचीच होते.

ताप साधारण दोन आठवड्यांत उतरतो. पाणी कमी व्हायला दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत काहींचे पाणी उलट थोडे वाढते. औषध लागू पडत नाही असा त्याचा अर्थ लगेच काढू नये, तपासून घ्यावे. दम फार असेल तर पाणी काढतात. नाहीतर सगळे पाणी उपसत बसण्याची गरज नसते, औषधाने ते शोषले जाते.

लघवी लाल-नारिंगी होणे हे रिफॅम्पिसिनमुळे, घाबरू नका. पण भूक एकदम मरणे, सतत उलट्या, डोळे पिवळे होणे ही लिव्हरला त्रास होत असल्याची खूण आहे. अशा वेळी गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लाल-हिरव्या रंगांतला फरक कळेनासा झाला किंवा अंधुक दिसू लागले तरी तसेच. या औषधांमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हे बायकांना कोणी सांगतच नाही. दुसरी पद्धत वापरावी. या सहा महिन्यांत दारू पूर्ण बंद.

सर्वात जास्त नुकसान होते ते औषध मध्येच सोडल्याने. दोन महिन्यांत ताप जातो, वजन वाढते, आणि माणूस गोळ्या थांबवतो. लग्न ठरलेल्या मुलींच्या बाबतीत हे जास्त दिसते. “सासरी गोळ्या दिसल्या तर?” म्हणून आईच कोर्स बंद करते. मी अशा आयांना दोन गोष्टी सांगतो. केवळ आवरणाचा टीबी, थुंकी निगेटिव्ह असेल तर, सहसा दुसऱ्याला लागत नाही. आणि अर्धवट सोडलेला टीबी परत उलटला तर तो औषधाला दाद न देणारा असू शकतो, मग हे दोन-चार महिने लपवण्याचा प्रश्न राहत नाही. लग्न दोन-तीन महिने पुढे ढकलता येते. सासरच्यांना सांगणे अवघड जात असेल तर त्यांना घेऊन या, मी बोलतो. दोन-तीनदा खरेच असे बोललो आहे, आणि समोरच्या माणसांनी वाटले होते त्यापेक्षा समजूतदारपणे ऐकले.

पू झाला असेल तर योग्य ॲंटिबायोटिकबरोबर छातीत नळी टाकून तो बाहेर काढतात. नळी पाणी भरलेल्या बाटलीला जोडलेली असते. श्वासाबरोबर नळीतले पाणी वरखाली होते, ते चांगले लक्षण. बाटली कधीही छातीच्या पातळीच्या वर उचलू नका, बाथरूमला जातानाही हातात खालीच धरा, आणि नळीला गाठ किंवा पीळ पडू देऊ नका. कप्पे झाले असतील तर नळीतून औषध सोडतात, नाहीतर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून फुप्फुसावरचे जाड कवच सोलून काढतात. ‘ऑपरेशन नको, अजून थोडे दिवस ॲंटिबायोटिक बघू’ म्हणत महिना घालवला तर कवच घट्ट होते आणि शस्त्रक्रिया अवघड होते.

हृदयाच्या पाण्यासाठी लघवीच्या गोळ्या, मीठ कमी, आणि हृदयाची नेमून दिलेली औषधे. रोज सकाळी वजन करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर पाणी साठते आहे. पापड, लोणचे, फरसाण आणि सुकी मासळी यातले मीठ लोक धरतच नाहीत. पाणी पिणे किती कमी करायचे हे हृदय आणि किडनीच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारून ठरवावे. टीबी किंवा न्यूमोनियात पाणी कमी पिण्याचे काहीच कारण नाही, पिण्याच्या पाण्याचा आणि छातीतल्या पाण्याचा तिथे संबंध नसतो.

लिव्हरच्या पाण्यात छातीत नळी टाकणे शक्यतो टाळतात. पाणी थांबत नाही आणि प्रोटीन वाहून जाते. मीठ कमी करणे, लघवीच्या गोळ्या आणि लागेल तेव्हा सुईने पाणी काढणे हा मार्ग. पुढे लिव्हर प्रत्यारोपणाचा विचार होतो.

कॅन्सरच्या पाण्यात मूळ कॅन्सरचा उपचार चालू असतानाच दम कमी करण्याची सोय बघावी लागते. पाणी काढल्यावर फुप्फुस फुगत असेल तर मधल्या जागेत टाल्कसारखी पावडर सोडून दोन्ही आवरणे चिकटवतात, मग पाणी साठायला जागाच उरत नाही. दुसरा मार्ग म्हणजे त्वचेखालून एक बारीक नळी कायमची बसवणे. घरचे माणूस शिकून घेऊन दर एक-दोन दिवसांनी बाटलीत पाणी काढू शकते. दर आठवड्याला सुईसाठी हॉस्पिटलच्या चकरा मारण्यापेक्षा हे पुष्कळ सुसह्य असते. हे पर्याय आहेत का, हे विचारा. प्रत्येक ठिकाणी आपणहून सांगितले जात नाहीत.

नंतरची काळजी

पाणी गेल्यावरही एक्स-रेमध्ये कोपरा थोडा बोथट दिसू शकतो. आवरण जाड झाल्याची ती खूण, जखमेच्या व्रणासारखी. नोकरीच्या मेडिकलमध्ये त्यावरून प्रश्न निघतात, म्हणून उपचार पूर्ण झाल्याचा कागद सांभाळून ठेवा. तीन गोळ्यांचे श्वासाचे यंत्र दिवसातून चार-पाच वेळा वापरावे, फुगे फुगवण्यापेक्षा ते बरे. खोल श्वास घेऊन दोन-तीन क्षण रोखणे आणि सावकाश सोडणे, हा प्राणायामही चालतो. पाणी काढल्यावर हवा शिरली असेल तर ती पूर्ण गेल्याचे एक्स-रेने कळेपर्यंत विमानप्रवास टाळावा.

पुढच्या भेटीला येताना आधीच्या सगळ्या एक्स-रे फिल्म, पाण्याचे आणि त्याच दिवशीच्या रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर आणा. नुसता शेवटचा रिपोर्ट पुरत नाही. पाणी वाढले की कमी झाले, हे दोन फिल्म शेजारी धरल्याशिवाय सांगता येत नाही.